मधूनच पेटणारा इंजिनचा दिवा

माझ्या एका मोटरसायकलच्या इंजिनच्या दिव्याने मला चार महिने खेळवलं. रहदारीत अडकलो की दिवा लागायचा आणि गाडी एकदम मंद व्हायची. एक्सलरेटर कितीही पिळला तरी जीव गेल्यासारखी सरकायची. कडेला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की दिवा गायब, गाडी ताजीतवानी. मग आठ-दहा दिवस काहीच नाही. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की हे गरमीचं दुखणं आहे, कारण रहदारीत इंजिन तापतं. एक सेन्सर बदलून झाला. नव्या सेन्सरवर बारा दिवस शांततेत गेले आणि तेराव्या दिवशी दिवा पुन्हा हजर.

गरमीचा संबंधच नव्हता. रहदारीत आपण आणखी एक गोष्ट करतो, जी मोकळ्या रस्त्यावर सहसा करत नाही. हँडल पूर्ण वळवतो. कोनसेटपाशी, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगांवर फिरतं तिथे, जिथे वायरिंगचा जुडगा हँडलबरोबर वाकतो, तिथे एका वायरमधली तांब्याची तार आतल्या आत तुटली होती. वरचं प्लास्टिक शाबूत. हँडल सरळ असलं की तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असायची. डावीकडे पूर्ण वळवलं की क्षणभर सुटायची. तेवढा क्षण पुरायचा. वळताना माझे डोळे रस्त्यावर असायचे आणि मीटरकडे नजर जायची ती वळण संपल्यावर, म्हणून दोन्हींचा संबंध कधी लागलाच नाही.

कायम लागलेला दिवा शोधणं त्यामानाने सोपं. बिघाड जागेवर बसलेला असतो, मीटर (व्होल्ट-ओहम मोजणारा मल्टिमीटर) लावा आणि मोजा. येणाऱ्या-जाणाऱ्या दिव्याचं काम वेगळ्या पद्धतीने करावं लागतं, आणि त्यात सुटा भाग बदलणं सगळ्यात शेवटी येतं.

आधी दिवा नेमका कुठला ते बघा

आपण बोलतोय तो पिवळा किंवा नारिंगी, इंजिनाच्या आकृतीचा दिवा. चावी लावली की तो लागतो आणि काही सेकंदांनी, किंवा इंजिन सुरू झाल्यावर, विझतो. ती त्याची स्वतःचीच तपासणी असते. चावी लावल्यावरही तो कधीच लागत नसेल तर दिवा गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलाय. जुनी गाडी घेताना हे एवढं तरी बघावंच.

तेलाच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा हा प्रकारच निराळा. तो तेलाच्या दाबाचा. तो चालत्या गाडीत एकदा जरी लुकलुकला तरी इंजिन तिथेच बंद करायचं, तेलाची पातळी बघायची, आणि दाबाची खात्री होईपर्यंत सुरू करायचं नाही. तापमानाच्या लाल दिव्यालाही हाच नियम. पिवळ्या दिव्याने गाडी ठीक चालत असेल तर बेताने घरापर्यंत नेता येते. लालच्या बाबतीत असा हिशेब करू नका.

कंप्युटरला दिसतात फक्त व्होल्ट

इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, याला इंजिन दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याच्यापर्यंत पोचतात ते वायरींमधून येणारे व्होल्ट. बाकी सगळा त्याचा अंदाज.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं उदाहरण घ्या. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडलाय हे तो सांगतो. ईसीयू त्याला ५ व्होल्ट देतो. थ्रॉटल बंद असताना सेन्सर साधारण अर्धा व्होल्ट परत पाठवतो आणि पूर्ण उघडल्यावर साधारण साडेचार. आता प्रश्न असा की शून्य ते पाच ही पूर्ण पट्टी का वापरत नाहीत? दोन्ही टोकं मुद्दाम मोकळी सोडलेली असतात. वायर तुटली किंवा बॉडीला टेकली तर व्होल्टेज थेट शून्यावर किंवा पाचवर जातं. थ्रॉटल कसाही असला तरी चांगला सेन्सर त्या टोकांना कधीच जात नाही, त्यामुळे ईसीयूला लगेच कळतं की हे इंजिन बोलत नाही, ही तुटकी वायर बोलतेय. दिवा लागतो.

तापमानाच्या सेन्सरला दोनच वायरी. आतला तुकडा गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होत जातो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना तो दोन-अडीच किलोओहमच्या आसपास असतो आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. वायर सुटली तर रेझिस्टन्स अनंत. मग ईसीयूच्या लेखी बाहेर कल्पनेपलीकडची थंडी पडलेली असते. तापलेल्या इंजिनावर स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) जर ‘उणे ४०’ दाखवत असेल तर समजा, मधे कुठेतरी वायर किंवा पिन सुटलीय.

तिसरी तऱ्हा म्हणजे दोन साक्षीदारांची. केबल नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक एक्सलरेटरच्या गाड्यांत मुठीजवळच्या सेन्सरमधून दोन वेगवेगळे सिग्नल निघतात. मूठ किती पिळली हे दोघंही सांगतात आणि ईसीयू ते सतत ताडून बघतो. दोघांचं जुळलं नाही तर कोण खरं बोलतोय हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो दोघांवरचाही विश्वास काढून घेतो आणि इंजिनाची ताकद बांधून टाकतो. माझ्या गाडीत हेच होत होतं. ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, म्हणजे कोड, होता पी २१३८. त्याचा अर्थ, या दोन सिग्नलांचा मेळ बसत नाही. सेन्सर खराब आहे असं त्या कोडने एकदाही म्हटलेलं नव्हतं. तो अर्थ आम्ही लावला.

सेन्सर गेला तर गाडी किती बिघडेल हे त्या सेन्सरवर अवलंबून. तापमानाचा सिग्नल हरवला तर ईसीयू एक ठरावीक आकडा धरून चालतो आणि बऱ्याचदा पंखा चालू ठेवतो. चालवणाऱ्याला फरक जाणवेलच असं नाही. पण क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) फिरतोय हे सांगणारा सेन्सर गप्प झाला तर स्पार्क कधी द्यायचा हेच ईसीयूला कळत नाही. इंजिन जागेवर बंद.

दिव्याचं वेळापत्रक

बहुतेक लोक इथेच फसतात. दिवा लागला तो क्षण म्हणजे बिघाडाचा क्षण, आणि दिवा विझला म्हणजे बिघाड गेला, असं आपण धरून चालतो. दोन्ही चुकीचं असू शकतं.

ओबीडी (गाडीने स्वतःच बिघाड तपासून कोड ठेवायची ठरावीक पद्धत) असलेल्या गाड्यांत अनेक बिघाडांसाठी ईसीयू एका फेरीवर, म्हणजे इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतच्या एका खेपेवर, निकाल देत नाही. पहिल्या फेरीत गडबड दिसली की तो मनात नोंद करतो, याला पेंडिंग कोड म्हणतात. पुढच्या फेरीत तीच गडबड पुन्हा दिसली की मग दिवा लावतो. म्हणजे काल संध्याकाळच्या खड्ड्याचा दिवा आज सकाळी सपाट रस्त्यावर लागू शकतो. विझण्याचंही तसंच. लागोपाठ तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या की दिवा विझतो, पण कोड स्मरणात राहतोच. इंजिन थंडपासून पूर्ण गरम होण्याच्या साधारण ४० फेऱ्या निर्वेध गेल्यावर तो आपोआप पुसला जातो. दिवा विझून पंधरवडा झाला तरी आत पुरावा शिल्लक असण्याची शक्यता चांगली असते.

उलट जुन्या, साध्या पद्धतीच्या गाड्यांत आणि सरळ वायर तुटण्याच्या बिघाडांत दिवा तत्काळ लागतो आणि पुढच्या वेळी चावी लावली की विझलेला असतो. माझी गाडी या दुसऱ्या प्रकारात वागत होती. तुमची कुठल्या प्रकारात बसते हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतं आणि शोधाला लागण्याआधी तेवढं वाचून घेतलेलं बरं.

कोडबरोबर अनेक गाड्या बिघाडाच्या क्षणाचं एक टिपणही ठेवतात. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, वेग किती. दिवा मधूनच लागत असेल तर कोडपेक्षाही हे टिपण मोलाचं. माझ्या गाडीचं टिपण शेवटी वाचलं तेव्हा वेग होता ताशी ६ किलोमीटर. तापमान अगदी नेहमीचं. ते आधी वाचलं असतं तर गरमीची कहाणी पहिल्याच दिवशी निकालात निघाली असती.

म्हणून कोड पुसायची घाई करू नका. पुसला की टिपणही जातं. काही लोक आल्या आल्या बॅटरीची वायर काढतात. काही गाड्यांत त्याने कोड जात नाही आणि काहींत सगळंच जातं, पण फायदा कुठल्याच बाबतीत नाही. आधी वाचा, कागदावर उतरवा, फोटो काढा.

कोड वाचणं आणि कोड समजणं

कोड काढायच्या दोन तऱ्हा. जुन्या पद्धतीत दिवाच उघडझाप करून आकडा सांगतो. होंडाच्या अनेक गाड्यांत लांब उघडझाप म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक. दोन लांब, एक छोटी म्हणजे २१, ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा). नुसत्या आठ छोट्या म्हणजे थ्रॉटलचा. दुसऱ्या कंपनीच्या गाडीला हीच यादी लावू नका, आकड्यांचे अर्थ बदलतात. मोजताना मोबाइलवर व्हिडिओ काढावा. तिसऱ्या उघडझापीनंतर मोजणी हमखास चुकते.

नव्या गाड्यांत बहुधा सीटखाली तपासणीचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) असतो. अडॅप्टर लावून साधा ओबीडी स्कॅनर त्याला जोडता येतो. तिथे कोड ‘पी’ अक्षर आणि चार आकडे असा दिसतो.

समजा कोड आला पी ०११३. याचा अर्थ, आत येणाऱ्या हवेच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. ‘सर्किटमध्ये’ हा शब्द नीट वाचा. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन्ही वायरी, वाटेतले कपलर, त्यातल्या पिना आणि ईसीयूचं टोक, हे सगळं मिळून. कोड गल्ली सांगतो, घर सांगत नाही. त्या गल्लीत सगळ्यात सहज हाताला लागणारा आणि दुकानात मिळणारा भाग म्हणजे सेन्सर, म्हणून तो बदलला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोडमधलं ‘जास्त’ की ‘कमी’ हेही कामाचं. दोन वायरींच्या तापमान सेन्सरमध्ये ‘जास्त’ म्हणजे बहुधा कुठेतरी सुटलंय आणि ‘कमी’ म्हणजे कुठेतरी टेकलंय. यावर एक सोपी परीक्षा आहे. स्कॅनरवर तापमान बघत बघत सेन्सरचा कपलर काढा, आकडा उणे ४० कडे जायला हवा. मग वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधल्या त्या दोन टोकांना छोट्या वायरने जोडा, आकडा एकदम दुसऱ्या टोकाला, प्रचंड गरमकडे जायला हवा. दोन्ही झालं तर त्या घडीला वायरी आणि ईसीयू ठीक आहेत आणि संशय सेन्सरवर येतो. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरलाच. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये ५ व्होल्टची वायर अर्थला (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या वायरीला किंवा बॉडीला) टेकवली तर त्याच पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सरही एकदम आंधळे होतात.

यातूनच आणखी एक खूण मिळते. तीन-चार सेन्सरांचे कोड एकाच वेळी आले तर ते सगळे एका दिवशी मेले असं होत नसतं. सामाईक काय आहे ते शोधा. ५ व्होल्टची वायर, किंवा अर्थ.

आधी वही, मग पाना

सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे वही. दिवा लागला की थांबल्याबरोबर लिहायचं. गाडी सुरू करून किती वेळ झाला होता? वेग किती, गिअर कुठला? रस्ता खडबडीत होता का? पाऊस, धुणं, दव? हँडल वळलेलं होतं का? हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर काही चालू होतं का? पेट्रोल किती होतं? आणि गाडीच्या वागण्यात काही बदल झाला का, मिसिंग, मंदपणा, बंद पडणं, की नुसता दिवा?

पाच-सहा नोंदी झाल्या की त्या एकमेकांशी बोलायला लागतात. मात्र आपला निष्कर्ष लिहू नका, जे घडलं ते लिहा. मी वहीत ‘गरमीत लागला’ असं लिहीत होतो. ‘गल्लीच्या तोंडाशी वळताना लागला’ असं लिहिलं असतं तर चौथ्या नोंदीलाच उलगडा झाला असता.

पावसानंतर किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतल्यावर लागत असेल तर पाणी कुठल्या तरी कपलरमध्ये शिरतंय. दाबाचं पाणी रबरी सील ओलांडून आत जातं आणि वाळायला दोन-तीन दिवस घेतं. खड्ड्यात लागत असेल तर ढिली पिन, सैल बॅटरी टर्मिनल किंवा घासलेली वायर. हँडल वळवताना लागत असेल तर कोनसेटजवळचा जुडगा. इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच (आरपीएम) लागत असेल तर कंपनांमुळे काहीतरी हलतंय. इंजिन पूर्ण तापल्यावर गाडी बंदच पडते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी थंड झाली की काही झालंच नाही अशी सुरू होते, हे क्रँक सेन्सरच्या कॉइलचं ओळखीचं लक्षण. आतली बारीक तार गरम होऊन प्रसरण पावली की सांधा सुटतो, थंड झाली की जुळतो. अशा वेळी कॉइलचा रेझिस्टन्स थंडीत मोजून काही हाती लागत नाही. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच मोजायचा.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. हे सुरू होण्याआधी गाडीला शेवटचा हात कुणी, कधी लावला? टाकी परत बसवताना वायर दाबली गेलीय, जादा लाइट किंवा मोबाइल चार्जर लावताना भलत्याच वायरला चीर दिलीय, एअर फिल्टर बदलताना कपलर अर्धवट बसलाय. ‘क्लिक’ असा आवाज न आलेला कपलर महिनाभर टिकतो आणि मग त्रास द्यायला लागतो.

बॅटरी, कारण ती सोपी आहे

कोड कुठलाही असो, सुरुवात इथून. सेन्सरांचा सगळा खेळ अर्ध्या-पाव व्होल्टचा, आणि पायाच डगमगत असेल तर वरचं काही खरं नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा पडतो, पण १० च्या खाली जायला लागला तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या संशयित. इंजिन चालू असताना, थोडे फेरे वाढवून, साधारण १३.५ ते १४.५ मिळायला हवेत. त्याहून खाली म्हणजे चार्जिंग नाही आणि १५ च्या वर म्हणजे रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) ताब्यात नाही.

टर्मिनलचे स्क्रू हाताने हलवून बघा. बोटाने फिरत असतील तर शोध इथेच संपू शकतो. सैल टर्मिनलची खूण म्हणजे खड्ड्यात क्षणभर डॅशबोर्डच्या मीटरचे काटे-आकडे सगळेच नव्याने सुरू होतात, घड्याळ शून्यावर जातं, आणि कोड मात्र दर वेळी वेगळा.

अर्थ तपासताना मीटरच्या बजरवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्यावर) विसंबू नका. सात धाग्यांपैकी एकच शिल्लक असला तरी बजर वाजतो. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, आणि सेल्फ मारा. जोडणी चांगली असेल तर आकडा पाव व्होल्टच्याही आत राहतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थच्या वाटेत गंज आहे. रेग्युलेटरकडे जाणाऱ्या, एकाच रंगाच्या तीन जाड वायरींचा कपलरही उघडून बघा. तिथे प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं दिसणं ही अनेक गाड्यांची जुनीच दुखरी जागा आहे.

काढून परत लावलं आणि बरं झालं

मेकॅनिकने सेन्सर काढला, पुसला, परत लावला आणि दिवा गेला. किंवा नवा सेन्सर लावला आणि दिवा गेला. दोन आठवड्यांनी परत. हे इतक्या वेळा घडतं की त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं.

कपलरच्या आत एक पिन दुसऱ्या छोट्या खाचेत दाबून बसलेली असते. दोन्हींवर बहुधा कथलाचा पातळ मुलामा असतो. इंजिनाच्या कंपनांनी ही पिन केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर सतत मागे-पुढे घासत राहते. मुलामा झिजतो, त्याची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून काळपट थर बनवते, आणि त्या थरातून वीज नीट जात नाही. कपलर काढून परत लावला की पिन थर खरवडत आत जाते आणि नवी जागा पकडते. वाट तात्पुरती मोकळी. म्हणजे गुण आला तो कपलर हलवल्याने, श्रेय गेलं सेन्सरला.

म्हणून कपलर उघडताना घाई नको. उघडण्याआधी आहे तसा फोटो. मग बघायचं. पाणी आहे का, पिनांवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक आहे का, एखादी पिन बाकीच्यांपेक्षा आत दबली आहे का, सील दुमडलंय का. वायर मागून हलकेच ओढून बघा, पिन सुटून हातात येत असेल तर ती कुलपात बसलेलीच नव्हती. खाच सैल झालीय का हे बघायला त्याच मापाची सुटी पिन घालून बघतात. ती थोडी अडून बसली पाहिजे, घरंगळत आत जाता कामा नये.

मीटरची जाड टोकं खाचेत खुपसू नका. त्याने खाच फाकते आणि नसलेला बिघाड तयार होतो. टोचायचंच तर कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीलगत बारीक पिन सरकवून. साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर. पॉलिश पेपर नको, तो उरलासुरला मुलामाही काढतो.

रंगेहाथ पकडणं

आता बिघाड आपण बोलवायचा. स्कॅनरवर संशयित सेन्सरचा चालू आकडा उघडा किंवा मीटर त्या वायरीवर लावा, आणि गाडी उभी, इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा बोटभर बोटभर पुढे सरकत हलवत जा. ओढायचं नाही, नुसतं वाकवायचं. कपलरांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलक्या टिचक्या. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश. आकडा उडाला किंवा इंजिन अडखळलं तर थांबा, तीच जागा पुन्हा हलवा. दोनदा झालं की जागा सापडली.

साधा मीटर सेकंदाला दोन-चारदाच वाचतो, त्यामुळे क्षणिक उडी त्याच्या नजरेतून निसटते. ज्या मीटरला किमान-कमाल नोंदवायची सोय आहे तो वापरा. त्यात ‘किमान’ आणि ‘कमाल’ आकडे अडकून राहतात. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा चालता आलेख दाखवणारं यंत्र) असेल तर उत्तमच, पण त्याच्यावाचून अडत नाही.

उष्णतेचा संशय असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने एकेक सेन्सर, एकेक कपलर वेगवेगळा तापवा. सगळी गाडी तापवून काही कळत नाही. पाण्याचा संशय असेल तर झाडांना मारायच्या फवाऱ्याच्या बाटलीने एकेका जागी बारीक फवारा मारा आणि पाच मिनिटं थांबा. इंजिन चालू ठेवून हे करताना दार-खिडक्या उघड्या हव्यात. एक्झॉस्टच्या वायूला वास असो-नसो, बंद जागेत तो जीव घेतो.

माझ्या गाडीत हीच तऱ्हा कामी आली. मीटर किमान-कमालवर, हँडल डावीकडे, आणि ‘किमान’चा आकडा ०.९ वरून सरळ ०.०२ वर. मग हेडलाइट उतरवला, कोनसेटपाशी टेप सोडली आणि वायरी एकेक करून दोन बोटांत धरून वाकवल्या. सात वायरी काडीसारख्या ताठ वाकल्या. आठवी एका जागी दोरीसारखी लुळी पडली. आत तांबं नव्हतंच.

सगळंच वायरिंगच्या माथी नको

काही कोड खरोखर इंजिनाबद्दल बोलतात. ऑक्सिजन सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे हिंदकळत असतो आणि ३०० अंशांच्या वर तापल्यावरच नीट काम करतो. त्याच्या अलीकडे एक्झॉस्टचा जोड गळका असेल तर तिथून हवा आत ओढली जाते आणि पेट्रोल कमी पडतंय असं सेन्सर सांगतो. बाहेरचा सायलेन्सर लावल्यावर सुरू झालेल्या दिव्यामागे हे असू शकतं. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीला तडा असेल तरी तेच. हा तडा थंड असताना मिटलेला आणि गरम झाल्यावर उघडा असतो, म्हणून दिवाही येतो-जातो.

एक कारण मात्र सहज सुचत नाही. स्पार्क प्लग. बऱ्याच गाड्यांना आत रेझिस्टर असलेला प्लग लागतो आणि नावात ‘आर’ अक्षर असलेले अनेक प्लग त्या जातीचे. तसा नसलेला प्लग बसवला तर ठिणगीचा विद्युत-गोंगाट जवळच्या सेन्सरांच्या वायरींत मिसळू शकतो आणि ईसीयू गोंधळतो. प्लगचा आकार तोच, आटे तेच, गाडीही चालते. मॅन्युअलमधला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

दुरुस्ती आणि त्यानंतर

तुटलेली वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळली तर तक्रार पुन्हा येणारच. त्यातही जिथे वायर वाकते तिथे सांधा नकोच. डाग दिलेली (सोल्डर केलेली) जागा ताठ होते आणि तिच्या कडेला वायर पुन्हा तुटते. मी तुटका भाग दोन्हीकडे वीतभर लांबपर्यंत कापून, त्याच जाडीची बारीक धाग्यांची नवी वायर घातली. सांधे कोनसेटच्या दोन्ही बाजूंना, न हलणाऱ्या जागी घेतले आणि त्यांवर आतून डिंक असलेली, तापवून आवळणारी नळी चढवली. जुडगा बांधताना हँडल दोन्ही टोकांना नेऊन ढील बघितली. मूळ बांधणीत ती ढील नव्हती, एक टाय दोन बोटं अलीकडे ओढलेला होता.

मग कोड पुसला, आणि जे केल्याने दिवा लागत होता तेच पुन्हा केलं. मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने हँडल पूर्ण डावीकडे ठेवून गोल गोल फेऱ्या, वीस-पंचवीस. नुसती गाडी चालवून ‘आता लागत नाही’ म्हणणं पुरेसं नव्हतं, कारण दिवा आधीही आठ-आठ दिवस लागत नव्हताच. घरी येऊन स्कॅनर जोडला, पेंडिंग कोडांची यादी रिकामी होती. काढून ठेवलेला जुना सेन्सर परत बसवला आणि तो आजही त्याच गाडीत आहे.